मागच्या अंगणातलं इंजिन

आमच्या घरी 'इंजिन' हा शब्द रेल्वेसाठी कमी आणि मागच्या अंगणातल्या एका लोखंडी धुडासाठी जास्त वापरला जातो. २०० लिटरचा तेलाचा ड्रम आडवा करून चार पायांवर बसवलेला. त्याच्या एका टोकाला जाड पत्र्याची चौकोनी पेटी, दुसऱ्या टोकाला चिमणी आणि मधोमध वर उघडणारं झाकण. लहान मुलानं वाफेच्या इंजिनाचं चित्र काढावं तसं ते दिसतं. बाहेरच्या जगात याला स्मोकर म्हणतात, पण इंदूरच्या आमच्या घरात १९९६ पासून ते इंजिनच आहे. नाव मी ठेवलं. तेव्हा मी आठ वर्षांचा होतो.

ते आणलं काकांनी. काका महूच्या छावणीत बांधकाम-दुरुस्तीच्या खात्यात नोकरीला होते. महू म्हणजे इंदूरपासून वीस-बावीस किलोमीटर. १८१७च्या डिसेंबरात महिदपूरच्या लढाईत होळकरांची फौज हरली, १८१८च्या जानेवारीत मंदसौरचा तह झाला आणि त्याच वर्षी इंग्रजांनी महूला छावणी वसवली. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म तिथला, म्हणून आता गावाचं अधिकृत नाव डॉ. आंबेडकर नगर आहे. काका रोज सकाळी मीटरगेजच्या गाडीनं तिथे जायचे आणि संध्याकाळी परत यायचे. छावणीतल्या एका अधिकाऱ्यानं हा स्मोकर तिथल्याच वेल्डरकडून करून घेतला होता. त्याची बदली झाली तेव्हा एवढं धूड कुठे नेणार, म्हणून तो काकांना म्हणाला, घेऊन जा. काकांनी ते लोडिंग रिक्षात घालून आणलं आणि आजीनं विचारलं, "यात करायचं काय?"

प्रश्न बरोबर होता. स्मोकर मुळात मांस शिजवण्यासाठी असतो. विस्तव बाजूच्या पेटीत पेटतो आणि पदार्थ ड्रममधल्या जाळीवर असतो, दोघांची थेट गाठ पडत नाही. पेटीच्या सरकत्या खिडकीतून हवा आत येते, गरम हवा आणि धूर ड्रममधून आडवे वाहतात आणि चिमणीतून बाहेर पडतात. खिडकी आणि चिमणीची टोपी किती उघडी ठेवायची, यावर सगळं नियंत्रण. ११० ते १२० अंशांवर तासन् तास मांस ठेवलं की ते मऊ होतं आणि त्याला धुराची चव लागते. ही रचना रुळली अमेरिकेत, टेक्सास-ओक्लाहोमाच्या तेलपट्ट्यात, जिथे जाड पाइप आणि वेल्डर या दोन्हींची चणचण नव्हती. आमच्या स्वयंपाकघरात मात्र आजीच्या हयातीत अंडंसुद्धा आलं नव्हतं.

काकांनी आठ दिवस विचार केला आणि त्यात बाफले लावले.

इंदूरबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. बाफला म्हणजे माळव्याची बाटी, पण बाटीच्या एक पायरी पुढची. जाडसर कणकेचे, थोडं मक्याचं पीठ घातलेले गोळे आधी हळदीच्या उकळत्या पाण्यात शिजवतात, मग गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजतात आणि तुपात बुडवून वरणाबरोबर खातात. आधी उकळल्यामुळे आत मऊ राहतं आणि वरून खरपूस होतं. इंजिनाची खिडकी पूर्ण उघडून ड्रम २०० अंशांपर्यंत तापवला, की ती एक मोठी भट्टीच होते. एका वेळी साठ बाफले बसायचे. पेटीतल्या निखाऱ्यात भरताची वांगी, खिडकीपाशी भुट्टे. थंडीत अख्खा गराडू राखेत भाजून, कापून, वर लिंबू आणि जिरावण.

डिसेंबर-जानेवारीतले रविवार असे जायचे. काका ड्रायव्हर, माझे बाबा फायरमन. लाकूड किती आणि कधी टाकायचं ते बाबा बघायचे, खिडकी आणि टोपी काकांच्या हातात. काकू बाफले जाळीवर मांडायची आणि कोणता कधी फिरवायचा हे फक्त तिला कळायचं. आम्ही मुलं शिट्ट्या वाजवायचो.

२०१३ साली काका गेले. २०१५ मध्ये घराची वाटणी झाली. भांडण झालं असं म्हणता येणार नाही. आमच्या घरात आवाज चढत नाहीत, बोलणं कमी होतं. बोअरिंग त्यांच्या हिश्श्यात गेलं, वरची टाकी आमच्या हिश्श्यात आली. पाण्यावरून महिनाभर निरोप इकडून तिकडे गेले, मग दोन्हीकडे वेगळी सोय झाली आणि अंगणात सहा फुटांची भिंत उभी राहिली. भिंत दीड फूट इकडे की तिकडे, यावरूनही बाबा आणि माझा चुलत भाऊ यांच्यात जे व्हायचं ते झालं. तेव्हापासून लग्न, बारसं, श्राद्ध एवढ्यापुरतं जाणं-येणं. वाटणीच्या कागदात पितळेची भांडी आहेत, शिवणयंत्र आहे, देवघरातल्या मूर्ती आहेत. इंजिन नाही. भिंत बांधली तेव्हा ते जिथे उभं होतं ती बाजू आमची निघाली, एवढंच.

मग आठ पावसाळे ते उघड्यावर राहिलं.

२०२३च्या नोव्हेंबरात मागच्या अंगणात कोटा फरशी घालायचं ठरलं, बसायला चांगली जागा होईल म्हणून. मिस्त्री म्हणाला, आधी हे हलवा. आमच्याकडे भंगाराला अटाला म्हणतात. अटालेवाला आला, त्यानं इंजिनावर एक थाप मारली आणि किलोवर भाव सांगितला. बाबा म्हणाले, "देऊन टाक. जागा मोकळी होईल."

माझं काम बँकांच्या जुन्या सॉफ्टवेअरची देखभाल करण्याचं आहे. वीस-वीस वर्षांपूर्वी कोणीतरी लिहिलेला कोड, लिहिणारे सोडून गेलेले, आणि तो चालू ठेवायचा. त्या कामात एक सवय लागते: एखादी गोष्ट काय करते हे नीट समजल्याशिवाय ती काढून टाकायची नाही. मी अटालेवाल्याला पुढच्या रविवारी यायला सांगितलं आणि हातोडी घेऊन बसलो.

जुन्या लोखंडाची तपासणी कानानं होते. हलक्या हातानं ठोकत जायचं. धातू शाबूत असेल तिथे 'ठण्ण' वाजतं, आतून कुजलेला असेल तिथे 'थप्प'. शंका आली तर स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबून बघायचं, आत घुसलं तर तो भाग गेला. ड्रमचा वरचा अर्धा भाग पूर्ण चांगला होता. खाली दोन ठिकाणी हाताच्या पंजाएवढी भोकं होती आणि पेटीचा तळ तर चाळणीच झाला होता. कारण राख. राख हवेतली ओल धरून ठेवते, तिच्यात क्षार असतात, आणि अशी ओली राख तळाला वर्षानुवर्षं बसली की पत्रा खालून खात जाते. उघड्यावरचा पाऊस वरून वाहून जातो, आत साचलेली राख जात नाही. शेगडी, बंब, चूल, काहीही लोखंडी असेल तर पहिला नियम हाच: वापर झाला की राख काढा.

बिजागऱ्या जाम झाल्या होत्या पण मोडल्या नव्हत्या. पाय चांगले होते. दोन गोष्टी मात्र नव्हत्याच: आतली जाळी आणि चिमणीची टोपी. मला आठवत होतं, काका प्रत्येक वेळी जाळी धुऊन त्यांच्या खोलीमागे भिंतीला टेकवून ठेवायचे आणि टोपी हत्यारांच्या पेटीत. ती खोली आणि ती पेटी आता भिंतीपलीकडे होती.

बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "त्यांच्याकडे काही मागायचं नाही. नवीन करून घे." नवीन होणार नाही असं नव्हतं. लोहा मंडीतून सळ्या आणल्या असत्या तर दिवसाचं काम. पण इंजिन दुरुस्त करायचं आणि भिंतीपलीकडे कळू द्यायचं नाही, हे मला जमणार नव्हतं. धूर काही भिंत बघून थांबत नाही. मी दादाला व्हॉट्सॲपवर विचारलं, "इंजिनाची जाळी तुमच्याकडे आहे का? दुरुस्त करतोय." दोन दिवस दोन निळ्या खुणा आणि शांतता.

तिसऱ्या दिवशी काकू आली. पुढच्या फाटकातून, चप्पल बाहेर काढून, पाहुणी यावी तशी. बाबा आतल्या खोलीत गेले. काकू थेट मागे आली आणि इंजिनाकडे बराच वेळ बघत राहिली.

"जाळी आहे," ती म्हणाली. "उन्हाळ्यात त्यावर मी फडकं टाकून पापड वाळवते."

"मग तुला लागत असेल तर राहू दे काकू, मी..."

"द्यायला नाही म्हणत नाही रे. पण मला एक सांग, इंजिन तुमचं कसं झालं?"

याचं उत्तर माझ्याकडे तयार नव्हतं. मी म्हणालो, "आमचं नाही. काकांचं आहे."

"मग ते नीट झाल्यावर राहणार कुठे?"

हेही मी ठरवलं नव्हतं. दादाचं म्हणणं असं होतं की वस्तू त्यांच्या वडिलांची, तेव्हा दुरुस्त झाली की त्यांच्या अंगणात यावी, खर्च तो देईल. बाबांचं म्हणणं असं की नऊ वर्षांत कोणी विचारलं नाही, आता फरशी आम्ही घालतोय, खर्च आम्ही करतोय. दोघांचंही खोटं नव्हतं. काकू जाळी न देताच गेली, पण जाताना म्हणाली, "आतलं काळं सगळं खरवडू नकोस."

हा सल्ला लाखमोलाचा होता, आणि त्यामागचं कारण मी नंतर वाचून समजून घेतलं. जुन्या स्मोकरमध्ये आत दोन प्रकारचं काळं असतं. एक सैल, पापुद्र्यासारखं सुटणारं, बोटाला लागणारं. ते धुराचं आणि तेलकटाचं साचलेलं कीट, ते पदार्थावर गळतं, म्हणून काढायलाच हवं. दुसरं कडक, गुळगुळीत, किंचित चमकणारं. तो थर म्हणजे लोखंडी तव्यावर वर्षानुवर्षं चढतो तसाच: तेलाचा पातळ थर उष्णतेनं एकमेकांत गुंफला जाऊन घट्ट होतो आणि लोखंडाला हवा-पाणी लागू देत नाही. तो खरवडून काढला तर खालचं उघडं लोखंड चार दिवसांत गंजतं. ड्रमचा वरचा भाग आठ पावसाळ्यांत शाबूत राहिला तो या थरामुळे. सोळा-सतरा हिवाळ्यांचं तूप, तेल आणि धूर त्याला चिकटून होता.

काम तीन रविवार चाललं. पहिल्या रविवारी सफाई. आत प्लास्टिकच्या खरवडणीनं सैल काळं काढलं. बाहेर ग्राइंडरला वायर ब्रश लावून गंज आणि जुना रंग. यासाठी गॉगल, मास्क आणि हातमोजे हवेतच. ब्रशच्या तारा तुटून उडतात आणि जुन्या रंगाची पूड श्वासात जाणं चांगलं नाही. बिजागऱ्यांवर तेल सोडून रात्रभर ठेवलं आणि सकाळी हलक्या ठोक्यांनी त्या सुटल्या. गंज काढणारी रसायनं बाजारात मिळतात, पण ती आतून अजिबात वापरली नाहीत. जिथे अन्न शिजणार तिथे ब्रश, गरम पाणी आणि विस्तव एवढंच पुरे.

दुसऱ्या रविवारी वेल्डिंग. कोपऱ्यावरचे वेल्डिंगवाले चाचा आले, त्यांनीही थाप मारून बघितलं आणि म्हणाले, "भिया, पेटी में दम है, ड्रम में कम है." पेटी जाड प्लेटची होती, तिला ३ मिलिमीटरचा नवा तळ सहज बसला. ड्रमचा पत्रा जेमतेम एक मिलिमीटरचा. असा पत्रा जोडताना करंट जास्त झाला की भोक मोठं होतं. चाचांनी भोकाच्या कडा चांगल्या पत्र्यापर्यंत कापल्या, बाहेरून ठिगळ लावलं आणि शिंप्यानं टाके घालावेत तसे थांबत थांबत, एकदा या टोकाला एकदा त्या टोकाला टाके मारले, म्हणजे पत्रा एकाच जागी तापून वाकत नाही.

त्याच वेळी एक सुधारणा केली. काकांच्या वेळी पेटीकडचे बाफले करपायचे आणि चिमणीकडचे पांढरे राहायचे, म्हणून काकूला सारखी अदलाबदल करावी लागायची. यावर उपाय आहे. पेटीचं तोंड ड्रममध्ये उघडतं तिथून एक आडवी प्लेट, थोडी उतरती, ड्रमच्या निम्म्यापर्यंत न्यायची. गरम हवा आधी तिच्याखालून जाते आणि मग वर येते, त्यामुळे उष्णता सारखी पसरते. या प्लेटला बॅफल म्हणतात. बाफल्यांसाठी बॅफल, हा विनोद मी दादाला पाठवला. या वेळी हसणारा चेहरा आला.

सियागंजात किरकोळ सामान घेताना दुकानदारानं जस्ताचा मुलामा दिलेली चकचकीत जाळी दाखवली, स्वस्त आणि गंजत नाही म्हणून. ती घेतली नाही, तुम्हीही घेऊ नका. जस्त ४२० अंशांना वितळतं आणि विस्तवाच्या थेट संपर्कात त्याची वाफ होऊ लागते. ती श्वासात गेली की ताप येतो. विस्तवाजवळ साधं लोखंड किंवा स्टेनलेस स्टील, तिसरं काही नाही. नवीन ड्रम घेऊन कोणी असं काही करणार असेल, तर त्यात आधी काय भरलं होतं हे माहीत असल्याशिवाय घेऊ नये. खाद्यतेलाचा ड्रम बरा, रसायनाचा नको.

तिसऱ्या रविवारी रंग आणि तेल. बाहेरून ६०० अंश सोसणारा काळा रंग, आतून रंगाचा थेंबही नाही. झाकणाच्या कडेला काचतंतूंची दोरी चिकटवली, म्हणजे धूर फटीतून न जाता चिमणीतूनच जातो. झाकणावरचं तापमापक काढून उकळत्या पाण्यात धरलं. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर आहे, त्यामुळे इथे पाणी ९८ अंशांनाच उकळतं. काटा ९१ वर थांबला. मागचा नट फिरवून तो ९८ वर आणला. मग आतून कापडानं जवसाचं तेल लावलं आणि लगेच दुसऱ्या कोरड्या कापडानं जवळजवळ सगळं पुसून घेतलं. तेल जास्त राहिलं तर चिकट होतं, पातळ असेल तरच कडक थर बसतो. पेटीत विस्तव करून तीन तास तापवलं. हे चार वेळा.

राहायचं कुठे, हा प्रश्न मात्र तसाच होता. मला बोलून सोडवता येईना, म्हणून मी टेप घेऊन मोजायला गेलो. घराच्या कडेची बोळ साडेतीन फूट रुंद. ती दोन्ही हिश्श्यांना सामायिक आहे, गॅसची टाकी तिथूनच येते. इंजिन पायांसकट सव्वादोन फूट. म्हणजे ते आमच्या अंगणातून बोळीत, बोळीतून पुढे आणि वळसा घालून त्यांच्या अंगणात जाऊ शकत होतं. फक्त दीडेकशे किलोचं धूड उचलायला चार माणसं लागली असती. मी चाचांना फोन करून विचारलं, याला चाकं लागतील का? वजन पेटीकडे जास्त, म्हणून त्या बाजूच्या दोन पायांना आठ इंची बिडाची चाकं लावली. रबराची चाकं विस्तवाखाली टिकली नसती. चिमणीच्या बाजूला दोन दांडे, हातगाडीसारखे. दांडे उचलले की एक माणूस ढकलू शकतो.

इंजिनाला सत्तावीस वर्षांनी चाकं लागली याचा सर्वांत जास्त आनंद माझ्या सहा वर्षांच्या मुलीला झाला. बाबा चाकांकडे बघून एवढंच म्हणाले, "म्हणजे ते तिकडेही जाणार." मी म्हणालो, "आणि इकडेही येणार." ते काही बोलले नाहीत. त्याच संध्याकाळी दादा जाळी आणि टोपी घेऊन आला. टोपी कागदात गुंडाळलेली होती, कागद २०१२च्या दिवाळीतला.

जानेवारीतल्या एका रविवारी इंजिन पेटवलं. आमच्या अंगणात, नव्या फरशीवर, खाली विटा घालून. लाकूड आंब्याचं आणि जामफळाचं. रंगवलेलं फर्निचर, प्लायवूड आणि कण्हेर कधीही जाळू नये. कण्हेर विषारी, तिचा धूरही विषारी. आणि असं काहीही बंद व्हरांड्यात किंवा शेडखाली पेटवू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

दादा आणि मी खिडकीशी खटपट करत होतो. चिमणीतून दाट पांढरा धूर येत होता आणि तापमान १३० च्या वर जाईना. पांढरा धूर म्हणजे लाकूड नीट जळत नाही, त्यानं पदार्थ कडू होतो. धूर पातळ, निळसर, दिसेल न दिसेल असा हवा. आम्ही दोघं बी.ई. मोबाइलवर कारणं शोधत होतो. बाबा मागच्या दारात येऊन उभे राहिले.

"लाकडं फार कोंबलीत," ते म्हणाले. "दोन काढा. टोपी पूर्ण उघडा, खिडकीनं सांभाळा."

काकू बाफल्यांची परात घेऊन बसली होती. ती वर न बघता म्हणाली, "भाऊजी, लाकूडही ओलं आहे."

"वहिनी, आतलं सुकं आहे. सालपट ओलं आहे." बाबा खाली उतरले, चिमटा हातात घेतला आणि दोन लाकडं बाहेर ओढली. पाच-सात मिनिटांत धूर निवळला. काटा दोनशेकडे सरकू लागला.

नऊ वर्षांत मी त्या दोघांना एकमेकांशी थेट बोललेलं ऐकलं नव्हतं. त्या दिवशीही ते लाकडाबद्दलच बोलले. बोअरिंग, टाकी, भिंतीचा दीड फूट यांचा विषय निघाला नाही आणि आजवर निघालेला नाही. जेवताना बाबांनी बाफला मोडून बघितला आणि म्हणाले, चिमणीकडचाही चांगला भाजलाय. काकू म्हणाली, ते प्लेटमुळे. नंतर दादा आणि मी ड्रम कोमट असतानाच त्यात पनीर आणि टोमॅटो ठेवून दिले. त्या धुरकट टोमॅटोची काकूनं केलेली चटणी चार दिवस पुरली. वरणाला वाटीत निखारा ठेवून धुंगार द्यायची तिची जुनी पद्धतही आहेच, पण इतका धूर फुकट मिळत असताना ती म्हणाली, आज वाटी नको.

आता व्यवस्था अशी आहे. थंडीत एक रविवार आमच्याकडे, एक त्यांच्याकडे. शनिवारी संध्याकाळी दादा किंवा मी बोळीतून इंजिन ढकलत नेतो. बिडाची चाकं फरशीवर एवढी खडखडतात की शेजाऱ्यांनाही कळतं, उद्या कोणाकडे. राख ज्यानं पेटवलं त्यानं त्याच दिवशी काढायची. खर्चाचा कागद मी दादाला दिला, त्यानं अर्धे पैसे पाठवले आणि बाबांनी ते घेतले. पावसाळ्यात ते आमच्या शेडखाली ताडपत्री टाकून असतं, आतून तेलाचा हात देऊन.

जाळी मात्र मार्चअखेर काकूकडे जाते. तिचे पापड आणि कुरडया व्हायच्या असतात. यंदा तिनं विचारलंय, त्या इंजिनाच्या झाकणावरही ऊन चांगलं लागतं, तर एप्रिलमध्ये ते आठ दिवस इकडे पाठवशील का?